डावा द्या, उजवा द्या

मोटारीत जेवढे म्हणून भाग असतात, ते जवळजवळ सगळे मालकाच्या कामाचे. इंजिन त्याला नेतं, ब्रेक त्याला वाचवतो, सीट त्याची कंबर सांभाळते आणि हॉर्न त्याच्या मनातलं बोलून दाखवतो. याला अपवाद एकच, इंडिकेटर. आपल्याला कुठे वळायचंय हे आपल्याला ठाऊकच असतं, ते दिवा लावून स्वतःला कळवावं लागत नाही. तो दिवा मागच्या माणसासाठी. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं, तोंड आरशात धड दिसत नाही, तो आपल्यावर वैतागलाय एवढं मात्र हॉर्नवरून कळतं. अशा माणसाला आपल्या पुढच्या बेताची आगाऊ कल्पना द्यायची! एवढा निखळ परोपकार अख्ख्या गाडीत दुसरा नाही. म्हणूनच गाडी म्हातारी व्हायला लागली की सगळ्यात आधी इंडिकेटर जातो आणि सगळ्यात शेवटी त्याची दुरुस्ती होते.

पार्किंग लाइट हा त्याचा धाकटा भाऊ. 'मी इथे उभी आहे, आपटू नका', एवढंच त्याला सांगायचं असतं, आणि तेही पाच वॅटमध्ये, म्हणजे कुणाच्या फारसं लक्षात येणार नाही अशा बेताने.

आमच्या घरातली म्हातारी म्हणजे मामांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी म्हणून ज्यांना कळत नाही त्यांना 'फियाट' म्हटलं की लगेच कळतं आणि ते आपल्या काकांच्या फियाटची गोष्ट सांगायला लागतात, म्हणून आम्ही शक्यतो पद्मिनीच म्हणतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातलं हे अपत्य. मूळ घराणं इटलीचं, फियाट ११००. इथे ती १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून नांदली, मग 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढे सलग बाक. तिच्या आधीच्या गोलमटोल फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. ही त्या मानाने देखणी. मुंबईत हिनेच काळीपिवळी होऊन दोन पिढ्या वाहून नेल्या. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी तेव्हा तिला निरोप दिला. त्यातलं एक कात्रण मामांनी जपून ठेवलंय, पण कपाटात. गाडीच्या नजरेला पडायला नको म्हणून.

आता, ही गाडी व्हिंटेज का, असं कुणी विचारलं की मामा कायदा सांगतात. सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पुरी झाली की गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. वीस हजार रुपये फी भरायची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिरवायची आणि मग रोजच्या कामाला रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शन, रॅली, एवढंच. मामांची पद्मिनी पन्नाशीच्या अलीकडे आहे, म्हणजे कायद्याने ती व्हिंटेज नाही, नुसतीच जुनी. जुन्या गाडीला मान नसतो, पण तिला घेऊन भाजी आणायला जाता येतं. मात्र दर पाच वर्षांनी तिला आरटीओच्या दारात उभं राहून आपली प्रकृती ठणठणीत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि तिथे साहेब पहिलं वाक्य म्हणतात ते, "डावा द्या, उजवा द्या."

मामांकडे देण्यासारखा डावाही नव्हता आणि उजवाही. पुढचे दोन्ही दिवे केव्हाच गेलेले. त्यांचं काही अडलं नव्हतं.

"अहो मामा, पण मागच्याला कळतं कसं?"

"मी हात दाखवतो की. माझ्या हाताचा फ्यूज उडत नाही."

मामांनी लायसन्स काढलं तेव्हा हाताच्या खुणा येणं ही विद्या होती. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीतून सरळ बाहेर. डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरवायचा. हळू व्हायचं तर तळवा खाली करून हात वरखाली. या खुणा आजही नियमात आहेत, फक्त त्या ओळखणारे रस्त्यावर राहिलेले नाहीत. मामांनी हात गोल फिरवला की मागचा समजतो, पुढे बोलावतायत. तो पुढे येतो, नेमका डाव्या बाजूने. उजवीकडे सरळ धरलेल्या हाताला तर एकदा मोटरसायकलवरच्या पोराने जाता जाता टाळी दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्थात शरीराने इशारे द्यायची परंपरा आपल्याकडे अजून जिवंत आहे. रिक्षावाले हात न वापरता पाय वापरतात. पायातल्या चपलेसकट पाऊल बाहेर आलं की समजायचं, रिक्षा त्या बाजूला वळणार, किंवा पाय अवघडलाय. ट्रकचा क्लीनर डावीकडच्या खिडकीतून फडकं हलवतो. दुचाकीवर मागे बसलेल्या वहिनी पर्स सांभाळत दोन बोटं बाहेर काढतात, आणि त्या दोन बोटांत एवढा अधिकार असतो की पीएमपीची बस थांबते.

यंत्राने हे काम अंगावर घेतलं ते हळूहळू. मूकपटांच्या काळातली फ्लॉरेन्स लॉरेन्स ही अमेरिकन नटी गाड्यांची मोठी शौकीन. बटण दाबलं की मागच्या बाजूला खूण वर येईल अशी युक्ती तिने १९१४ च्या सुमारास काढली आणि पेटंट काही घेतलं नाही, असं सांगतात. पुढे युरोपातल्या गाड्यांना दाराच्या खांबात दडलेला एक इवलासा हात आला. बटण दाबलं की तो टपकन बाहेर यायचा, आत दिवा लागलेला. मॉरिस मायनरला तो होता. अडचण एकच, काम झाल्यावर तो आत जायला तयार नसे. मग ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थापटी मारायचा, म्हणजे शेवटी हात बाहेर काढावा लागायचाच. डोळे मिचकावणारे दिवे कारखान्यातूनच बसवून द्यायला अमेरिकेत ब्यूइकने १९३९ साली सुरुवात केली, आणि माणसाचा हात खिडकीच्या आत गेला तो मोबाइल येईपर्यंत मोकळाच होता.

तपासणीची तारीख जवळ आली तेव्हा दिवे घ्यायला आम्ही नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा पार्ट म्हटलं की नाना पेठ. तिथले दुकानदार दिसायला उदास, पण त्यांना ठाऊक नाही असा नटबोल्ट हिंदुस्थानात बनलेला नाही. मामांनी जुना दिवा रुमालातून काढून काउंटरवर ठेवला. शेठनी तो उलटा केला, सुलटा केला, नखाने गंज खरवडला.

"पद्मिनी?"

"हो."

"नाही."

"मग?"

शेठ आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. आत दोन नवेकोरे दिवे, नारंगी काच, मागे प्लॅस्टिकची डबी आणि तीन वायरी.

"हा कशाचा?" मामांनी संशयाने विचारलं.

"बसतो."

"हो, पण कशाचा आहे?"

"काका, कशाचा आहे ते सोडा. बसतो की नाही ते बोला."

जुन्या गाड्यांच्या दुनियेत हा एकच शब्द चालतो. पार्ट 'ओरिजिनल' असणं हे नशिबात असावं लागतं. बाकी सगळं 'बसतं'. एखादं जरा घासून बसतं, एखादं वॉशर टाकून बसतं आणि एखादं बसवणाऱ्यावर अवलंबून असतं. मामा रविवारी जुन्या बाजारातही फेरी मारून आले. तिथे एक अस्सल दिवा मिळाला, पण एकच, तोही उजवा, आणि विक्रेत्याचं म्हणणं असं की उलटा लावला की तोच डावा. शेवटी 'बसतो' तो घेतला.

दिवे लावायला मिस्त्री घरीच आला. गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे वायरमन म्हणा, इलेक्ट्रिशियन म्हणा, मिस्त्री म्हणा, बॉनेट उघडल्यावर तो एकच वाक्य बोलतो, "याच्या आधी कुणी हात लावलाय?" प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं. आधीच्या मिस्त्रीचा निषेध हा या कामाचा नारळ फोडण्याचा विधी आहे. आधीचा मिस्त्री आला होता तेव्हा त्यानेही हाच विधी केला होता.

खरं म्हणजे निषेध करण्याजोगं होतंच. कारखान्यातून येताना प्रत्येक वायरचा रंग ठरलेला असतो. डाव्या दिव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा, पार्किंगचा आणखी वेगळा, आणि एका रंगाची वायर गाडीच्या एका टोकाला दिसली की ती दुसऱ्या टोकाला ओळखू यावी अशी सोय. पद्मिनीत ही सोय पहिल्या दुरुस्तीपर्यंत टिकली. त्यानंतर ज्याच्या पिशवीत ज्या रंगाची वायर होती, ती त्याने जोडली. पुढून लाल निघालेली वायर डॅशबोर्डखाली निळी व्हायची, दाराजवळ पिवळी आणि डिकीत पोचेपर्यंत पांढरी, मध्ये मध्ये काळ्या चिकटपट्टीच्या गाठी. एक वायर टेपरेकॉर्डरची होती. टेपरेकॉर्डर केव्हाच विकलेला, वायर मात्र अजून करंट बाळगून होती. फ्यूजच्या डबीत एका फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. मामी हे पाहायला खास बाहेर आल्या, कारण मामा सिगरेट ओढत नाहीत असं त्यांना सांगितलेलं आहे.

"आधीच्या मिस्त्रीची असेल," मामा म्हणाले. आधीच्या मिस्त्रीचा असाही उपयोग होतो.

माझ्याकडे टॉर्च धरायचं काम होतं. टॉर्च धरणाऱ्याने कितीही नीट धरला तरी तो मिस्त्रीला हवा तिथे कधीच नसतो, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण त्या उजेडात मला तो बल्ब अगदी जवळून पाहायला मिळाला, आणि माझं त्याच्याबद्दलचं मत चांगलं झालं. पुढच्या दिव्यात बल्ब एक आणि कामं दोन. काचेच्या बोंडात दोन तारा असतात, एक एकवीस वॅटची, ती इंडिकेटरची, आणि दुसरी पाच वॅटची, पार्किंगची. बुडाला शिशाचे दोन ठिपके, प्रत्येक तारेला एक. पितळी बुडाच्या दोन बाजूंना दोन खिळे, पण समोरासमोर नाहीत, एक किंचित वर आणि एक किंचित खाली. कारण एवढंच की बल्ब उलटा बसू नये. उलटा बसला तर पाच वॅटचं काम एकवीसवाला करणार आणि एकवीसचं पाचवाला, म्हणजे उभी गाडी भगभगणार आणि वळणारी गाडी लाजत लाजत सांगणार. त्या दोन खिळ्यांनी हा सगळा गोंधळ दाराशीच अडवलेला असतो. मूर्खपणाचा एवढा बारकाईने विचार केलेली वस्तू रोजच्या वापरात क्वचित सापडते. मात्र ज्याने ती घडवली त्याला पक्कड माहीत नसावी. होल्डर जुना आणि सैल असला, आणि हातात पक्कड असली, तर हिंदुस्थानात काहीही कशातही बसतं.

नव्या दिव्याच्या तीन वायरींपैकी काळी बॉडीची, म्हणजे अर्थिंगची. उरलेल्या दोघींपैकी पार्किंगची कोणती आणि इंडिकेटरची कोणती हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. खोक्यावर फक्त 'क्वालिटी' असं लिहिलं होतं. मिस्त्रीने काळी बॅटरीच्या मायनसला लावली आणि दुसऱ्या दोन्ही एकेक करून प्लसला टेकवल्या. जी टेकवल्यावर डोळे दिपले ती इंडिकेटरची, जी टेकवल्यावर "लागला का?" असं विचारावं लागलं ती पार्किंगची. सोपं काम. तोवर सगळं सोपंच होतं.

दिवे जागेवर बसले, मामांनी पार्किंगचा खटका ओढला. दोन्ही दिवे लागले. मामींनी लांबूनच नमस्कार केला. मग मामांनी पार्किंग बंद करून डावा इंडिकेटर दिला, आणि पुढचा डावा दिवा मिचकायचा सोडून नुसता मिणमिणला. त्याऐवजी डॅशबोर्डवरच्या मीटरमागचा दिवा लागला. मागे जाऊन पाहिलं तर नंबरप्लेटवरचा दिवाही मंद मंद पेटलेला होता. मामांनी खटका बंद केला, पुन्हा लावला. गाडी डावीकडे वळायचंय हे सगळ्यांना सांगत होती, फक्त ज्याला सांगायचं त्या दिव्याला सोडून.

"भूतबाधा," मामी म्हणाल्या.

"अर्थिंग," मिस्त्री म्हणाला.

गाडीत प्रत्येक दिव्याला जायची वायर असते, यायची नसते. परतीचं काम गाडीचा पत्राच करतो. दिव्यातून निघालेला करंट बॉडीवरून बॅटरीच्या मायनसला जातो. अर्धी वायर वाचते, हिशेबी माणसाने काढलेली युक्ती. जुना दिवा लोखंडी होता, तो स्क्रूने पत्र्याला लागला की परतीची वाट आपोआप मिळायची. नवा दिवा प्लॅस्टिकचा. त्याची काळी वायर मिस्त्रीने त्याच जुन्या स्क्रूखाली दाबली होती, पण तो स्क्रू जिथे बसत होता तिथे खाली गंज आणि वर गेल्या वर्षीचा रंग. परतीची वाट बंद. आणि करंटचं पेठेतल्या वाहतुकीसारखं असतं. रस्ता खणलेला दिसला म्हणून तो घरी परत जात नाही, कुणाच्या तरी बोळातून घुसतो. इथे बोळ म्हणजे शेजारची पार्किंगची तार. एकवीसवाल्यातून आलेला करंट पाचवाल्यातून उलटा शिरला, पार्किंगच्या वायरीत चढला, आणि तिथून मीटरचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा, मागचे दिवे, जिथे जिथे बॉडी मिळेल तिथे उतरत गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे आपण म्हणीत वाचतो, पद्मिनीत ते बारा व्होल्टवर चालू होतं.

"पेंटरने वाट लावली," मिस्त्रीने निकाल दिला. "एवढा जाड रंग मारला, त्याच्याखाली अर्थिंग मेलं."

पेंटर जवळच राहणारा, त्यामुळे दुसरी बाजूही ऐकायला मिळाली. त्याचं म्हणणं, वायरिंगवाले पत्रा खरवडतात, तिथून गंज धरतो, आणि मग रंगाला नाव ठेवतात. दोघांचंही खरं होतं. दिवा लागायला पत्रा उघडा लागतो आणि पत्रा टिकायला तो झाकावा लागतो. या दोघांचा समझोता होईपर्यंत जुनी गाडी दोघांनाही पोसत राहते. शेवटी मिस्त्रीने दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी लांब करून, टोकाला थिंबल दाबून, आत चेसीवर एका बोल्टखाली घेतल्या. तेवढी रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने लख्ख घासली, बोल्ट आवळला आणि वर ग्रीस थापलं. पेंटरने त्या रुपयाएवढ्या जागेकडे असं पाहिलं की मामांनी त्याला चहा दिला.

आता दिवे योग्य जागी लागत होते, पण मिचकत नव्हते. डावा दिला की डावा लागायचा आणि लागूनच राहायचा. मिस्त्रीने डॅशबोर्डखाली हात घालून एक पत्र्याची डबी ओढून काढली. हा फ्लॅशर. जुन्या फ्लॅशरच्या आत धातूची एक पट्टी असते. करंट वाहिला की ती तापते, तापली की वाकते, वाकली की जोड सुटतो आणि दिवे विझतात. मग ती निवते, सरळ होते, पुन्हा चिकटते. तापणं आणि निवणं, एवढ्याच भांडवलावर ती जन्मभर टिकटिक करते. आज कित्येक गाड्यांत तो आवाज स्पीकरमधून वाजवतात, कारण आत टिकटिक करायला कुणी उरलेलं नाही. पद्मिनीतली टिकटिक मात्र खरी, कष्टाची.

या पट्टीला तापायला पुरेसा करंट लागतो. पुढचा एकवीस आणि मागचा एकवीस मिळून बेचाळीस वॅट, बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर. त्यातला एक बल्ब जरी गेला तरी करंट निम्मा होतो आणि ताल बिघडतो. म्हणजे चाल बदलली की मालकाने समजायचं, एक दिवा गेला. कसलाही कॉम्प्युटर नसताना गाडी आपली तक्रार स्वतः सांगायची. आमची मागच्या उजव्या-डाव्याची तक्रार ती किती वर्षं सांगत होती कोण जाणे. मागचे दोन्ही बल्ब काळे पडलेले निघाले.

इथे मिस्त्रीच्या मनात एलईडी आला. आजकाल कुठल्याही मिस्त्रीच्या मनात तो येतोच. "काका, एलईडी टाका. उजेड डबल, करंट नाही." करंट नाही हीच तर अडचण. एलईडी दोन-चार वॅटमध्ये भागवतो, मग पट्टी तापणार कशावर? मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, नाहीतर रेझिस्टर जोडा. रेझिस्टर म्हणजे एलईडीने जो करंट वाचवला तो जाळून टाकण्यासाठी विकत घ्यायची वस्तू. मामांनी हा अर्थव्यवहार नीट समजून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे आधी बचत करायची आणि मग ती जाळायला पैसे द्यायचे. हे आमच्या सोसायटीत चालतं, गाडीत नको."

एलईडीची आणखी एक गंमत मला माहीत होती. ज्या जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्यासाठी मिळून डॅशबोर्डवर एकच हिरवा दिवा असतो, त्यात तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला सापडतो. डावा दिला की त्याचा करंट उजव्या बल्बांतून बॉडीला जातो. तो इतका थोडा असतो की साध्या बल्बांना त्याचा पत्ताच लागत नाही. पण एलईडीला तेवढाही पुरतो. मग डावा दिला की चारही दिवे मिचकतात.

आपल्याकडे त्याने फार बिघडणार नाही म्हणा. चारही दिवे एकदम लावणं हा आता आपला राष्ट्रीय इशारा आहे. गाडी बंद पडलीय किंवा धोका आहे, असा त्याचा मूळचा अर्थ. पण चौकात चारही लावले की 'मी सरळ जाणार', एक्सप्रेसवेच्या बोगद्यात लावले की 'बोगदा आहे' (हे इतरांनाही दिसत असतंच), खंडाळ्याच्या पावसात लावले की 'पाऊस आहे', आणि दुसऱ्याच्या फाटकासमोर लावले की 'दोनच मिनिटं'. ट्रकवाल्यांचा उजवा इंडिकेटर तर दोन अर्थांचा. एक, 'मी उजवीकडे येतोय, थांबा', आणि दुसरा, 'पुढे मोकळं आहे, उजवीकडून निघा'. दोन्ही अर्थ एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि कोणता घ्यायचा ते मागच्याने ठरवायचं.

नवा फ्लॅशर, मागे नवे बल्ब, आणि पद्मिनी मिचकायला लागली. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे इंडिकेटर नारंगी हवा आणि मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा मिचकायला हवा. मामांनी घड्याळ लावून मोजलं. इंजिन रेस केलं की चाल मध्यम, गाडी नुसती उभी असली की डायनॅमो पुरेसं देत नाही आणि चाल विलंबित. "साठाच्या वर आहे," मामा म्हणाले, "पण साहेबांना सांगायचं, रेस करून मोजा." आरटीओच्या साहेबांनी घड्याळ काही लावलं नाही. त्यांनी डावा बघितला, उजवा बघितला, पार्किंग बघितलं आणि आपल्या काकांच्या फियाटची गोष्ट सांगितली. मामांनी ती शेवटपर्यंत ऐकली. तपासणीचा तोच अवघड भाग होता.

आता रस्त्यावरचा प्रश्न उरला. आपल्या लोकांना दुसऱ्याच्या गाडीची काळजी नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुचाकीचा स्टँड खाली राहिलेला दिसू द्या, दोन चौक पाठलाग करून "स्टँड! स्टँड!" ओरडतील. ओढणी चाकाजवळ लोंबत असली तर अनोळखी बाई गाडी आडवी घालून सांगेल. दार नीट लागलेलं नाही, डिकी उघडी आहे, हेडलाइट दिवसा चालू आहे, हे सगळं काच ठोठावून कळवायला लोक तयार असतात. फक्त यातली प्रत्येक गोष्ट चुकून राहिलेली असते. मुद्दाम केलेल्या खुणेची त्यांना सवय नाही.

तपासणीनंतर पहिल्यांदाच मामा गाडी घेऊन निघाले, मी शेजारी. चौक यायच्या बराच आधी त्यांनी उजवा दिला, आरशात पाहिलं, गाडी हळूहळू मध्ये घेतली. टिकटिक ऐकू येत होती, हिरवा दिवा मिचकत होता, आणि पहिल्यांदाच मामांचा हात खिडकीच्या आत होता. तेवढ्यात मागून एक स्कूटर जोरात आली, आमच्या बरोबरीने चालायला लागली, आणि त्यावरच्या गृहस्थाने काच खाली घ्यायची खूण केली. मामांनी काच उतरवली.

"काका, इंडिकेटर चालू राहिलाय तुमचा!"

"राहिला नाहीये. लावलाय."

"का?"

"उजवीकडे वळायचंय."

त्याने क्षणभर मामांकडे पाहिलं, मग चौकाकडे पाहिलं. "मग वळा ना!" म्हणाला, आणि आमच्या उजव्या बाजूनेच पुढे निघून गेला.